हौशी पळणाऱ्यांचा उत्साह टिकतो कशावर? (निमित्त : साताऱ्याचा घाट, १६ आठवड्यांची तयारी)

घाटवाट

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची (घाटातली २१ किमीची शर्यत) नोंदणी झाली की दरवर्षी एकच प्रश्न फिरून येतो. "नाव तर दिलंय, पण तीन-चार आठवडे झाले की पहाटे उठवत नाही. मोटिव्हेशन आणायचं कुठून?" लोक उत्तर मनात शोधतात. मला ते वेळापत्रकात दिसतं. आदल्या दिवशी छाती फुटेस्तोवर पळलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पाचला बूट घालावेसे वाटत नाहीत, यात त्याच्या जिद्दीची काही चूक नाही. शरीर नको म्हणतंय आणि ते बरोबरच म्हणतंय. उद्याही जावंसं वाटेल इतकंच आज पळायचं, हा नियम धरून सराव आखला की आनंदासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

हे इतकं म्हणजे किती? पळताना शेजारच्याशी आठ-दहा शब्दांचं पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर 'मनाचे श्लोक' पुटपुटत पळा. एका श्वासात दोन चरण निघाले तर वेग योग्य, एकाच चरणात धाप लागली तर कमी करा. आठवड्यातला साधारण चार पंचमांश वेळ याच वेगात जायला हवा. सुरुवातीला हा वेग लाजिरवाणा वाटेल इतका कमी असतो, किलोमीटरला ८ मिनिटं किंवा त्याहून जास्त. तरीही धाप लागत असेल तर ३ मिनिटं पळा, १ मिनिट चाला. हौशी मंडळींचा उत्साह मावळण्याचं पहिलं कारण म्हणजे संथ दिवस मध्यम वेगात पळणं. मग ना धड विश्रांती होते, ना धड मेहनत.

मार्ग थोडक्यात : सातारा शहरातून बाहेर पडलं की यवतेश्वरचा घाट, वर कासच्या रस्त्यावर वळसा, आणि त्याच वाटेने खाली. म्हणजे पहिला अर्धा भाग बहुतेक चढ आणि दुसरा बहुतेक उतार. पाऊस आणि धुकं दोन्ही गृहीत धरायचं.

आराखडा न थांबता ५ किमी पळू शकणाऱ्यांसाठी आहे. आठवड्यात चार दिवस पळणं : मंगळवारी संथ ४० मिनिटं, गुरुवारी चढ, शनिवारी संथ ३० मिनिटं, रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. सोमवारी आणि शुक्रवारी २० मिनिटं ताकदीचे व्यायाम. बुधवारी काही नाही.

रविवारची अंतरं किमीमध्ये : ७, ८.५, १०, ७. ११, १२, १३.५, ९, १४.५, १६, १७, ११. १८, १९, १२ आणि सोळाव्या आठवड्यात स्पर्धा. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम खाली आणलंय, ते गाळू नका. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. चौथा आठवडा त्यांच्यासाठी आहे.

गुरुवारचा चढ : पहिले चार आठवडे सपाटीवरच, शेवटी २०-२० सेकंदांच्या चार-पाच झपझप धावा. पाचव्या आठवड्यापासून मध्यम चढावर १ मिनिट वर, चालत खाली, असं सहा वेळा. नवव्यापासून ५ मिनिटांचे चार चढ. बाराव्यापासून सलग २० मिनिटं. चढावर घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं) पाहू नका, धाप पाहा. पावलं छोटी, नजर १०-१५ फूट पुढे, कंबरेत वाकायचं नाही. वाक्य तुटून एकेक शब्द निघायला लागला की हात मांडीवर टेकवून जोरात चालायचं. तीव्र चढावर असं चालणारा आणि कसाबसा पळणारा यांच्या वेगात फारसा फरक नसतो, श्रमात मात्र बराच असतो.

---

मुठाकाठ

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

---

फिजिओ_नाशिक

घाटवाट, आराखडा आवडला. एक मोठी भर घालते : उतार. सगळे चढाची भीती बाळगतात आणि पाय मोडतो उतारावर. खाली येताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावत असतो, ब्रेक लावल्यासारखा. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं २४ ते ४८ तासांनी वर येतं. चांगली गोष्ट अशी की एकदा हा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढ्याच उताराला कमी दुखतो. म्हणून सातव्या आठवड्यापासून गुरुवारी ९० सेकंदांचे चार सौम्य उतार घ्या, दर आठवड्याला एक वाढवा. शेवटचा मोठा उतार स्पर्धेच्या १० ते १४ दिवस आधी. त्यानंतर घेतला तर दुखरे पाय घेऊनच साताऱ्यात उतराल.

उतरताना पाऊल शरीराच्या पुढे फार लांब टाकू नका, पावलांची गती वाढवा. मागे रेलून टाचेवर ब्रेक मारत उतरणाऱ्यांचे गुडघे पुढून दुखतात.

सोमवार-शुक्रवारचे व्यायाम :

पोटरीसाठी पायरीच्या कडेवर चवड्याने उभं राहून टाचा वर-खाली, गुडघा सरळ ठेवून १५ आणि किंचित वाकवून १५, असे तीन संच. वाकवून करायचे चुकवू नका, आतल्या पोटरीला काम तेव्हाच मिळतं. मग साधारण २० सेंमी उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायची, मोजून ३ सेकंदांत खाली. प्रत्येक पायाला १०, तीन संच. आरशात पाहा, गुडघा आत वळत असेल तर पायरीची उंची कमी करा. शेवटी एका पायावरचा ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं) १० आणि कुशीवरचा प्लँक (कोपरावर शरीर सरळ उचलून धरणं) ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी.

या व्यायामांत मजा येत नाही, मान्य. पण दुखापतीने घरी बसावं लागणं हे उत्साह मरण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ते टाळण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

---

पहाट_पाच

नडगी आतल्या बाजूने दुखते. पळायला लागलं की दुखते, दहा मिनिटांनी कमी होते. पळत राहावं का?

---

फिजिओ_नाशिक

पहाट_पाच, बोटाने दाबून पाहा. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात, चार बोटं किंवा जास्त लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त पळण्याने नडगीच्या कडेला आलेलं दुखणं. अंतर निम्म्यावर आणा, डांबर-काँक्रीटऐवजी मातीचं मैदान, पोटरीचे व्यायाम रोज, दोन-तीन आठवडे.

पण दुखणं एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी असेल, एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल तर पळणं आजच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. वेदनाशामक गोळी खाऊन पळणं हा उपाय नव्हे. लांब पळताना पाणी कमी पडलेलं असतं, त्यात आयब्युप्रोफेनसारखी गोळी मूत्रपिंडावर ताण आणते.

---

कृष्णाकाठ

धाग्याच्या मूळ प्रश्नाला धरून थोडं शास्त्र. पळून आल्यावर जे हलकं, मोकळं वाटतं त्याचं श्रेय वर्षानुवर्षं एंडॉर्फिनला (शरीरात तयार होणारं वेदनाशामक रसायन) दिलं गेलं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. त्याचे ग्राहक (पेशींवर तो जिथे जाऊन चिकटतो त्या जागा) औषधाने बंद केले तरीही ४५ मिनिटं पळलेल्यांना तो आनंद झाला, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात दिसलं. संशय आता शरीर स्वतःच बनवत असलेल्या एंडोकॅनाबिनॉइड रेणूंवर आहे. ते मेंदूत सहज पोचतात. आणि घाटवाट यांच्या म्हणण्याला बळ देणारी गोष्ट : हे रेणू मध्यम श्रमात सगळ्यात स्पष्ट वाढलेले दिसतात. अगदी रमतगमत चालण्यात नाही आणि जीव खाऊन पळण्यातही नाही.

दुसरं, उत्साह जाणं हे लक्षणही असू शकतं. सराव शरीराच्या झेपेबाहेर गेला की वेग पडण्याआधी बऱ्याचदा मूड पडतो : चिडचिड, झोप उडणं, आवडीच्या रस्त्यावरही जावंसं न वाटणं. अशा वेळी प्रेरणादायी व्हिडिओ पाहून स्वतःला ढकलणं म्हणजे इंधनाचा दिवा लागलेला असताना ॲक्सिलरेटर दाबणं. वहीत रोज तीन आकडे लिहा : झोप किती तास, अंथरुणातून उठण्याआधीची नाडी, आणि 'आज जावंसं वाटतंय का' याला ५ पैकी गुण. नाडी नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त आणि गुण सलग तीन दिवस २ किंवा खाली, तर दोन दिवस पूर्ण सुट्टी. त्यानंतरही फरक नसेल तर पूर्ण आठवडा निम्म्यावर.

भार मोजायचा सोपा हिशेब : पळून आल्यावर अर्ध्या तासाने श्रमाला १० पैकी गुण द्या आणि मिनिटांनी गुणा. ४० मिनिटं संथ, गुण ३, म्हणजे १२०. रविवारचे १०० मिनिटं, गुण ५, म्हणजे ५००. आठवड्याची बेरीज एकदम दीडपट झालेली दिसली तर पुढच्या आठवड्यात खाली या. घड्याळ नसलं तरी हा हिशेब चालतो, आणि ऑफिसातल्या ताणाच्या दिवशी तेच अंतर जास्त गुण घेतं, हे त्यात आपोआप येतं.

---

अनवाणी_नाही

घड्याळावरून आठवलं. मनगटावरचा हृदयगतीचा आकडा आंधळेपणाने घेऊ नका. संथ पळतानाही १६५-१७० दाखवत असेल आणि तुम्ही आरामात बोलत असाल, तर घड्याळ बहुधा नाडीऐवजी पावलांचे ठोके मोजतंय. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. तरी सुधारलं नाही तर छातीवरचा पट्टा घ्या. '२२० वजा वय' हे सूत्रही ढोबळ आहे, १०-१२ ठोके इकडे-तिकडे सहज होतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे त्याच वेगाला नाडी पुण्यापेक्षा वर राहते. वेग कमी करा, निराश होऊ नका. फिटनेस आहे तेवढाच आहे.

---

नाचणी_भाकरी

खाण्यापिण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सव्वा तासापर्यंतच्या पळण्याला वाटेत काही लागत नाही. त्यापुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम. २० ग्रॅम गुळाचा खडा म्हणजे १८-१९. महागडी जेल घेतलीच पाहिजेत असं नाही. पण चिक्की चढावर खाऊ नका, धापा टाकताना शेंगदाण्याचा तुकडा घशात अडकतो, आणि त्यातली चरबी पोटात रेंगाळते. चढ सुरू होण्याआधी दोन-तीन मिनिटं काय ते खाऊन घ्या. सरावात न खाल्लेला पदार्थ स्पर्धेत नको.

आदल्या रात्री मऊ भात-वरण, बटाटा. उसळ, कोशिंबीर, तिखट रस्सा टाळा. तंतू आणि तेल सकाळी त्रास देतात. पहाटे दीड-दोन तास आधी केळं किंवा गूळ-पोळी, सोबत पाणी.

पाणी किती, हे घरीच मोजता येतं. तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून, ओले कपडे काढून वजन करा. ६०.० किलोचं ५९.३ झालं आणि वाटेत ३०० मिली प्यालात, तर तासाचा घाम १ लिटर. हा सगळाच्या सगळा भरून काढायचा नसतो. तहान लागेल तसं, थोडं थोडं. प्रत्येक टेबलावर थांबून पेलेच्या पेले रिचवणाऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते, आणि लोक त्याला पाणी कमी पडल्याची लक्षणं समजून आणखी पाणी पाजतात. हे जिवावर बेतू शकतं. स्पर्धेत धावून वजन वाढलेलं असेल तर ती धोक्याची खूण आहे.

ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं, तेवढ्याच पाण्यात कालवा. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की पोट ढवळलंच म्हणून समजा. घरचं करायचं तर १ लिटर पाण्याला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. वर लिंबू.

बायकांसाठी खास : विनाकारण दमणूक, चढावर पूर्वीपेक्षा लवकर धाप, उत्साह शून्य, असं महिनाभर चाललं तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. अळीव, पालेभाज्या यांच्यासोबत लिंबू किंवा आवळा, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. पाळी लांबली किंवा थांबली तर 'सराव चांगला चाललाय' असं समजू नका, खाणं कमी पडतंय.

---

घाटवाट

ताई, फेरिटिनचा मुद्दा फार महत्त्वाचा. धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता.

---

ठाणेकर_ताई

मुंबई-ठाण्यात उताराचा सराव कुठे करायचा? पुलावर गाड्यांची भीती वाटते.

---

मुठाकाठ

पुलावर नकोच. ठाण्यात येऊरचा रस्ता आहे. ते जमत नसेल तर इमारतीचा जिना : दहा-बारा मजले चालत वर, सावकाश खाली, कठड्याला हात जवळ ठेवून. मांडीला तोच ताण मिळतो. चढासाठी ट्रेडमिल ५-६ टक्क्यांवर चालते, फक्त पुढची दांडी धरून पळू नका, चढाचा अर्धा फायदा निघून जातो. पुणेकरांना वेताळ टेकडी आणि सिंहगडाचा डांबरी घाट. सिंहगड साताऱ्यापेक्षा बराच अंगावर येतो, त्यामुळे तिथे निम्मं अंतर पुरे. कोल्हापूरकरांना पन्हाळा, जोतिबा.

रस्त्यावर पळताना उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं. अंधारात अंगावर चमकणारी पट्टी. कुत्रं मागे लागलं तर पळू नका. थांबा, त्याच्याकडे टक लावून न पाहता चालत पुढे जा.

---

रांदोनर

ज्यांचे गुडघे पळू देत नाहीत त्यांना हाच आनंद सायकलवर मिळतो, म्हणून थोडी जागा घेतो. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक वेळात, स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण करणं. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे नियम, भारतात ऑडॅक्स इंडिया रांदोनर्स ते चालवते. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. एका हंगामात चारही केले की सुपर रांदोनर. पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो, वेळेत आलेला प्रत्येक जण सारखाच. हौशी माणसाच्या उत्साहासाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही. तुलना करायला कुणी उरतच नाही.

२०० चा हिशेब : ताशी २० ने चालवलं तर पेडल मारण्याचे १० तास, हाताशी साडेतीन तास. बहुतेक जण रस्त्यावर मागे पडत नाहीत, थांब्यावर पडतात. मिसळ, चहा, फोटो यात ५० मिनिटं कशी जातात कळत नाही. थांबा २० मिनिटांचा, चेकपोस्टचा शिक्का आधी, खाणं नंतर. सायकलवर दर ४० मिनिटांनी काहीतरी तोंडात.

सोबत : दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅचचं पाकीट, पंप, मल्टिटूल, पुढे-मागे दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा; नाहीतर नवी ट्यूब पुढच्या किलोमीटरला बसते. सीटची उंची : टाच पेडलवर, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी ३-४ मिमीच बदला. पेडलची गती मिनिटाला ८० च्या पुढे ठेवा, जड गिअर रेटत बसलात तर दीडशेनंतर गुडघा हिशेब मागतो.

---

अनवाणी_नाही

पावसाबद्दल राहिलं. सुती मोजे बाद, पाणी धरून ठेवतात आणि फोड येतात. जांघ, काख, स्तनाग्रं यांना पळण्याआधी पेट्रोलियम जेली. बूट अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असा, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना विकत घ्या. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. त्याला लेसच्या शेवटच्या दोन भोकांतून फास घालून टाच मागे घट्ट बसवणं हा उपाय, आणि चार दिवस आधी नखं कापणं. ओले बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, सोलमधला गोंद सुटतो. आतला तळ काढून वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी कागद बदला. घाटात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि कडेच्या शेवाळावर पाऊल टाकू नका.

---

पहाट_पाच

सगळ्यांचे आभार. नडगी पट्ट्यातच दुखतेय, अंतर निम्म्यावर आणतो. शेवटचा प्रश्न : स्पर्धा झाल्यावर महिनाभर रिकामं वाटतं असं ऐकलंय. तेव्हा काय करायचं?

---

घाटवाट

ऐकलंय ते खरं आहे. सोळा आठवडे रविवार ठरलेला असतो आणि अचानक काहीच ठरलेलं नसतं. त्यात शरीरही दुरुस्तीला काढलेलं असतं, त्यामुळे मन खाली जातं. त्यात आपलं काहीतरी बिघडलंय असं नाही, पण आधीच जागा करून ठेवली तर सोपं जातं.

पहिले चार दिवस फक्त चालणं, २०-३० मिनिटं. जिना उतरताना मांडी दुखायची थांबेपर्यंत पळायचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी २० मिनिटं संथ, घड्याळ न घालता. दुसऱ्या आठवड्यात तीन वेळा अर्धा तास. ताकदीचे व्यायाम दहाव्या दिवसापासून, निम्म्या संचांनी. तिसऱ्या आठवड्यात नेहमीचे चार दिवस, पण रविवार ९-१० किमीच्या पुढे नको.

पुढची नोंदणी स्पर्धेच्या दिवशीच्या आनंदात करू नका आणि त्यानंतरच्या उदास आठवड्यातही करू नका. तिसऱ्या रविवारी करा. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन साताऱ्यानंतर चार-साडेचार महिन्यांवर येते. तिथली हाफ हवी असेल तर हाच आराखडा दहाव्या आठवड्यापासून पुन्हा धरायचा, गुरुवारच्या चढाच्या जागी सपाटीवर १० मिनिटांचे दोन जोरकस तुकडे टाकायचे, मध्ये ३ मिनिटं चालणं. आणि रविवारच्या गटात नवीन कुणी आलं असेल तर त्यांच्या वेगाने त्यांच्याबरोबर पळा. संथ दिवस खरोखर संथ ठेवायला याचा फार उपयोग होतो.